नंदिनीचं नाक टोचायला निघालो त्याची हकीकत

पवनी,
ता. २१ नोव्हेंबर २०१४

लाखांदूरच्या भय्याजींना पवनीच्या परसरामाचा सादर नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? धान कापून झाला का? इकडे सर्व क्षेम आहे, म्हणजे माग चालू आहेत आणि तुमची बहीण कौशल्या माझ्याशी धड बोलत नाही. फोनच केला असता, पण घरातला फोन कौशल्याच्या कमरेला खोचलेला असतो (आणि कान दोन्ही बाजूंना), म्हणून हा कागद.

मागच्या हिवाळ्यात आपल्या नंदिनीला फ्लू झाला, आठ दिवस भंडाऱ्याच्या दवाखान्यात काढले, ते तुम्हाला ठाऊकच आहे. चार वर्षांची नात. मी तेव्हा फार घाबरलो होतो, हे तुम्हाला म्हणून सांगतो. यंदा थंडीआधीच लस द्यायची असं मी ठरवलं. डॉक्टर म्हणाले, ही नाकात देतात, सुई नाही. घरी येऊन मी मात्र म्हणालो, "नंदिनीला नाकाची लस टोचून आणू." (लस म्हटली की टोचायचीच, जिभेला सवय.) कौशल्याने त्यातलं 'नाक' आणि 'टोचून' एवढंच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी दिघोरीहून माझी थोरली बहीण तुळसाबाई एसटीने हजर, पदराच्या गाठीत सोन्याची तार. घराण्यातल्या पोरींची नाकं आपल्या देखत टोचली जावीत, असा तिचा नेम. नंदिनीला नवा झगा, कपाळाला कुंकू, सोबत पुऱ्यांचा डबा, अशी आमची वरात दवाखान्यात पोचली. मी आपला समजलो, नातीच्या कौतुकासाठी आल्या बिचाऱ्या. तुळसाबाईने तार डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. "डावी बाजू घ्या जी, आमच्यात डावीच टोचतेत." डॉक्टर म्हणाले, "दोन्ही बाजूंना द्यायचं आहे. अर्धा फवारा इकडे, अर्धा तिकडे." "फवारा?" तुळसाबाई ओरडली, "धानावर मारतेत थो? पोरीले का तुडतुडे लागले जी?" नंदिनी हसत सुटली, तेवढ्यात काम झालं, आणि ती डॉक्टरांच्या चष्म्यावर शिंकली.

परतताना कौशल्या म्हणाली, "पोरगी रडलीच नाही, मंग लस लागली कशी?" तिसऱ्या दिवशी नंदिनीचं नाक वाहू लागलं, तेव्हा तर निकालच लागला: डॉक्टरने सर्दी भरून दिली! वास्तविक डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की थोडं नाक वाहतं. हेही सांगितलं होतं की ही लस सगळ्याच पोरांना वाचवते असं नाही, काहींना तरीही फ्लू होतो, पण त्याचा जोर बहुतेकदा कमी असतो. दरवर्षी घ्यावी लागते, आणि साध्या सर्दीशी तिचं काही देणंघेणं नाही. हे सगळं मी कौशल्याला समजावलं. ती म्हणाली, "अर्ध्या भरवशाची लस कायले?" मी म्हटलं, छत्री घेऊनही पाय भिजतातच, म्हणून कोणी छत्री टाकतं का? त्यावर, मी आजवर पाच छत्र्या कुठे कुठे टाकून आलो त्याची यादी तिने वाचली. (सहा आहेत. एक तिला माहीत नाही.)

पहिलीच वेळ असल्याने महिन्याने दुसरी मात्रा द्यायची आहे. ती येत्या सोमवारी. कौशल्या म्हणते, पोरीला उंबऱ्याबाहेर नेऊन तर दाखवा.

तुमचा,
परसराम

ता. क. – रविवारीच या आणि तिला दोन शब्द सांगा. कान सोनारानेच टोचावेत, आणि तुमच्या बहिणीचा सोनार तुम्हीच. शिवाय तपकिरीमुळे नाकातून काही ओढण्याचा तुमचा चाळीस वर्षांचा अनुभव आहे.

पुन्हा ता. क. – लसीची कल्पना मुळात तुमचीच, असं मी तिला सांगून बसलो आहे. सांभाळून घ्या.

भाऊ, आता मी कौशल्या लिहून राहिली. यायनं हे पत्र मागाखाली लपवलं होतं, झाडतानी मले सापडलं. नंदिनीले मी परवाच नेऊन दुसरा फवारा देऊन आणला. मागच्या साली दवाखान्यात तिची धाप मीच मोजत बसली होती. अर्धा का असेना, तेवढा भरवसा मी कायले सोडू? पण यायले इतक्यात सांगू नको. मले मनवायसाठी आठ दिवसांपासून सकाळचा चहा हेच करून देऊन राहिले.