ओलं झंपर

धाड,
११ मार्च २०२५

प्रिय धम्मशीला मावशीस,
मंजुश्रीचा सप्रेम जय भीम.

मावशे, चिठ्ठी पाहून दचकली असशील. आजकाल कोण चिठ्ठ्या लिहिते? पण माहा फोन आईच्या हाताखाली असते, अन् बोललं की घरभर ऐकू जाते. शालूबाईची सून काजल उद्या माहेरी तुह्या जानेफळले जाऊन राह्यली, तिच्या हाती देते. वाचून झाली की चुलीत टाकजो.

बातमी तुले लागलीच असेल. मुलगी झाली. बुलढाण्याले सिझर झालं, तिथून सरळ इकडं माहेरी आणलं. रंग बापाचा, नाक आपल्या घरचं, जावळ एवढं दाट की सिस्टर म्हणे, हिले तं वेणी घालता येते. तुहे जावई नागसेन खामगावले ड्युटीवर आहेत, सुट्टीले येतात. बाबा अंगणात खाट टाकून पेपर वाचतात, संपला की पुन्हा पहिल्या पानापासून. मीबी बरी आहे.

बरी कशाची, मावशे. तुह्यापाशी खोटं कशाले लिहू?

लेकरू अंगावर पीत नाही. दूध उशिरा उतरलं, अन् उतरलं तं असं की छाती दगडावानी टणक, काखेपर्यंत ठणका. पोरीचं तोंड काही नीट लागेना. सिस्टरनं शिकवलं होतं, नुसतं बोंड नाही, भोवतीचा काळा भाग सगळा तोंडात गेला पाहिजे. सांगाले काय जाते! इकडं तिनं तोंड लावलं की पायाच्या अंगठ्यापर्यंत कळ जाते. दोन्हीकडं चिरा पडल्या. एकदा तिच्या ओठाले रक्त दिसलं अन् मी किंचाळली, वाटलं तिलेच काही झालं. ते माहं होतं. मी बी.एस्सी. झालेली बाई, सस्तन प्राण्यांचा धडा पाठ केलेली, अन् एवढंसं काम जमेना. हसू नको.

मी कण्हली की आई लगेच उठते. "दे इकडं, तुले दुखते. झोप तू." लेकरू घेते, आतल्या खोलीत जाते, कडी लावते. अन् पोर चूप.

मले वाटे, वाटी-चमच्यानं बकरीचं दूध पाजत असेल. विचारलं नाही. खरं सांगू? मले बरं वाटलं. कोणीतरी नेलं, दुखणं थांबलं. पोर बाहेर येते तं गाल फुगलेले, तोंडाले दुधाचा वास. मी जवळ घेतली की बसमधल्या अनोळखी बाईकडं पाहावं तशी माह्याकडं पाहते.

अन् आई तिले मंजू म्हणते. पहिल्यांदा "मंजू, ये मंजू" ऐकलं, तं मी "काय वं माय" करत टाके सांभाळत उठली. आईनं माह्याकडं पाह्यलंबी नाही. ती पोरीसोबत बोलत होती. मी म्हटलं, आई, मंजू मी आहे. तं म्हणते, "हाव ना. तूच तं आहेस." असं म्हणून पोरीच्या कपाळाले बोट लावलं.

मेथीच्या लाडवांचंबी तसंच. बाळंतीण मी, मले एक देते, स्वतः दोन खाते. मी बाबाले गमतीनं म्हटलं, आईले कशाले डोहाळे लागले? बाबा म्हणे, "दिवाळीपासून खाऊन राह्यली ते." दिवाळीले मले सहावा लागला होता, मावशे.

परवा दुपारी लाइट गेली. कूलर बंद पडला अन् घर एकदम चूप झालं. त्या चुपीत आतल्या खोलीतून आवाज आला. घुटुक, घुटुक. वाटी-चमच्याचा आवाज असा नसते. कडी लागली नव्हती, मी दार लोटलं. आई भिंतीकडं तोंड करून बसली होती, झंपराची बटनं खुली, पोर छातीले. "आई!" म्हटलं तं हळूच वळली. लाजली नाही, घाबरली नाही. "हळू बोल, ठसका लागन तिले." पोरीनं तोंड सोडलं अन् हनुवटीवरून दूध ओघळलं. दूधच. मी बोट लावून पाह्यलं, पातळ अन् कोमट. आईची पाळी बंद होऊन कितीक दिवस झाले.

आई आली दळण घेऊन. पुढचं मग लिहिते.

आता ती मोरीत लंगोटं धुऊन राह्यली. लवकर लिहिते.

सिस्टर टाके पाहाले घरी आली, तवा तिले मी नाव न सांगता विचारलं. ती म्हणे, लेकरू रोज तोंडी लावलं, खाणंपिणं तसं ठेवलं, तं कोण्या कोण्या आजीलेबी दूध येते, त्यात भुताटकी काही नाही. नसेल. पण पोर इकडं माह्या मांडीवर रडते अन् तिकडं अंगणात आईच्या झंपरावर ओले गोल उमटतात.

शालूबाई मालिश कराले येते. तिले मी आईचं सांगितलं. ती पाय चोळता चोळता म्हणे, "त्यात काय नवल? तुह्या वक्तीबी सिंधूबाईलेच पान्हा फुटला होता." मी म्हटलं, मग कोणाले फुटन, माही मायच आहे ती. शालूबाईचा हात थांबला. पुढं मग मी तिले सोडलं नाही, माहा स्वभाव तुले ठाऊक आहे.

मी तुले बोल लावून नाही राह्यली. कानी आलं ते लिहिते, खोटं असेल तं सांगजो. तुम्ही दोघी बहिणी एकाच वक्ती आजोबाच्या घरी बाळंतपणाले होत्या. आईची पोर जन्मली अन् गेली. तिच्यासाठी नाव आधीच ठरलं होतं, मंजुश्री. तुही पोर जगली. पण तुहे थान पिकले, ताप डोक्यात गेला, तुले दवाखान्यात न्यावं लागलं. तवा तुही पोर आईच्या ओटीत घातली, दूध पाजाले, तू बरी होऊन येईपर्यंत. तुह्या लेखी ओटीत घालणं एवढंच होतं. आईच्या लेखी ओटीत घातलं म्हणजे दिलं.

ती पोर मी.

तू परत आली तं मी तुह्याकडं गेलीच नाही म्हणे. तोंड फिरवलं अन् आईचा पदर धरला. मावशे, तू मागितलं होतं का मले? का मी तोंड फिरवलं म्हणून तूच मागं फिरली?

शाळेत एकदा म्हण शिकली होती. घरी येऊन मोठ्या ठसक्यात म्हटली, 'माय मरो, पण मावशी जगो.' आईनं अशी मुस्काटात लावली की गालावर बोटं उमटली. मग मलेच पोटाशी धरून रडत बसली. मले वाटलं, म्हणीवर कोणी एवढं चिडते का! आता कळते.

आई वाईट नाही वं. तिच्याच हातचं खाऊन मी एवढी झाली, तिले माय नाही म्हणणार तं कोणाले म्हणू? पण माही पोर मी देणार नाही.

काल दुपारी मीच आतून कडी लावली. गरम कपड्यानं शेकलं, थोडं दूध हातानं काढून छाती नरम केली, सिस्टरनं सांगितलं तशी पोर धरली. तोंड लागतच होतं, अन् दाराबाहेरून आईचा आवाज आला, अगदी हळू. "मंजू." पोरीनं मले सोडलं अन् दाराकडं मान वळवली. जे लेकरू अजून मान धरत नाही, मावशे, त्यानं मान वळवली. मले रडू फुटलं. हाक माराले माह्यापाशी तिचं नावबी नाही. "बाई, माही बाई" करत राह्यली, तिचा गाल छातीले लावत राह्यली. अन् लागलं तोंड. दात दाबून बसली मी. घोट खाली गेला, मी ऐकला.

दाराबाहेरून आई म्हणे, "गोड लागते का वं, मंजू?"

कोणाले विचारलं ते मले समजलं नाही.

रविवारी नामकरण आहे. आईनं नवी साडी काढून ठेवली. म्हणते, बुद्धवंदना झाली की साऱ्या बायांसमोर लेकरू माह्या ओटीत घालजो, नाव मी सांगते. नागसेनले फोनवर सांगितलं तं हसले, म्हणे आजीले कौतुक आहे, करू दे. बाबाले म्हटलं, तुम्ही तरी बोला. "घाल ना, एवढ्यानं काय होते," म्हणे, अन् पेपरात तोंड घातलं. एवढ्यानं काय होते, ते बाबालेच सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक आहे.

म्हणून तू ये. मागं आली होती तवा आईनं तुले फाटकातूनच परत लावलं, मी खिडकीतून पाह्यलं होतं. यावेळी मी फाटकात उभी राहीन. साडी आणू नको, झबलं आणू नको, हात मोकळे घेऊन ये. मी लेकरू पहिले तुह्या हाती देईन. आई पुढं येईल, ओटी पसरेल, रडेल. पोरबी रडेल, तिच्याकडंच तोंड करेल. करू दे.

यावेळी देऊ नको, मावशे. घट्ट धर, अन् मले परत दे.

तुही,
मंजुश्री