पांढरे मोजे घातलेला पिंगळा

धुळे,
३ डिसेंबर २०२४

प्रिय लता,

पत्र पाहून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. व्हॉट्सअॅपवर लिहायला घेतलं होतं. पण तिथे दोन निळ्या खुणा उमटल्या की माणूस उत्तराची वाट पाहत बसतो, आणि मला जे सांगायचं आहे त्यावर तू घाईनं काही लिहावंस असं मला वाटत नाही. परवा रविवारी जे झालं ते दोन दिवस मनात ठेवून मी दुकानात गिऱ्हाइकांना पेन्सिलीऐवजी पट्ट्या देते आहे, इतकी माझी अवस्था आहे. विषय पक्ष्यांचा आहे. हो, पक्ष्यांचाच. अठ्ठावीस वर्षांत आपण तुझ्या भूपेंद्रचं लग्न, माझं ऑपरेशन, केळीवरचा रोग, कैरीच्या लोणच्यात मेथी किती, सगळ्यावर बोललो. पक्ष्यांवर नाही. ना तू विषय काढलास ना मी. आज मी काढते आहे. रागावलीस तरी शेवटपर्यंत वाच.

झालं असं की दिवाळीनंतर दुकानात समाधानसर आले. शिरपूरच्या वर, सातपुड्यात, त्यांची आश्रमशाळा आहे. वह्या-खडू आमच्याकडूनच नेतात. या वेळी म्हणाले, वहिनी, पक्षी ओळखायचं एक पुस्तक द्या. एकच. पण कपाटात ठेवायचं नाही हां, पोरं ते घेऊन डोंगरात जातील. चिखल लागेल, एखादं पान बकरी खाईल, तरी टिकलं पाहिजे आणि पोरांना पक्षी सापडला पाहिजे. माझ्या निर्मलकुमारांनी सवयीनं विचारलं, कितवीचं? मी आतून जवळजवळ ओरडलेच, थांबा, हे गिऱ्हाईक माझं! लता, त्या क्षणी मला वीस वर्षांची झाल्यासारखं वाटलं. गळ्यात दुर्बीण, पायात तुझ्या भावाचे बूट.

मग मी पुस्तकं मागवायला लागले. पुण्याहून, नाशिकहून, एक थेट मुंबईहून. आठवडाभर काउंटरवर तीन पुस्तकं उघडी. निर्मलकुमार म्हणाले, अगं, पुस्तक निवडतेयस की जावई? मी म्हटलं, जावयाला एवढं पारखलं नसतं. पहिल्या पुस्तकात नुसते फोटो, आणि काय सुंदर फोटो! पण फोटोतला पक्षी त्या एका सकाळचा, त्या एका उन्हातला असतो. दुसरं अख्ख्या देशाचं. बाराशेच्या वर पक्षी, उशीएवढं जाड. त्यात पोरगी होला शोधायला गेली तर हिमालयात हरवायची. तिसरं हाताने काढलेल्या चित्रांचं, आपल्या राज्यापुरतं, मराठी नावांसकट. डाव्या पानावर माहिती, उजव्या पानावर चित्रं, आणि सारखे दिसणारे पक्षी एकाच पानावर शेजारी शेजारी, जिथे फरक आहे तिथे बारीक रेघ मारून दाखवलेला.

तरी नुसतं पाहून कसं ठरवणार? मी एक युक्ती केली. आपल्याला अगदी घरातल्या माणसासारखा माहीत असलेला पक्षी घ्यायचा आणि पुस्तकाला तो ओळखू येतो का ते पाहायचं. माझ्या गच्चीवर जास्वंदीवर शिंजीर येतो. नर उन्हाळ्यात निळा-जांभळा झळझळतो, पण पावसाळ्यानंतर त्याचा तो थाट उतरतो, मादीसारखाच पिवळट दिसतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी पट्टी राहते. फोटोंच्या पुस्तकात नुसता झळझळीत नर. जाड पुस्तकात पट्टी होती, पण एका ओळीत, तीही बारीक अक्षरात. चित्रांच्या पुस्तकात झळझळीत नर, पट्टीवाला नर आणि मादी, तिघंही एका फांदीवर बसवलेले. मी एकटीच टाळी वाजवली. समोर कंपासपेटी घ्यायला आलेल्या बाई जरा मागे सरकल्या.

तुला एक सांगते. तिन्ही पुस्तकं मी अशी उलटीपालटी केली, बांधणी ओढून पाहिली, शिवलेली आहे की डिंकाची ते पाहिलं, एकाच्या पानावर चहाचा थेंबसुद्धा टाकून पाहिला. पण तिन्हींत घुबडांची पानं मी उघडली नाहीत. बोट तिथे आलं की पुढे सरकायचं. का ते तू ओळखलं असशील.

आठ डिसेंबर शहाण्णव. कॉलेजच्या निसर्ग मंडळाची सहल, समाधानसरांच्या शाळेवरचा तोच डोंगर. जोडीला एक वही, आणि आपल्या जोडीची वही माझ्याकडे, कारण माझं अक्षर चांगलं. सगळे खाली गावात थांबले आणि आपण दोघी वर गेलो. साडेचार वाजले असतील. भर उन्हात, सागाच्या वाळक्या शेंड्यावर तू तो पाहिलास. मला दुर्बीण देईपर्यंत तो उडाला, मला नुसती पाठ दिसली. तू म्हणालीस, हेमू, हा आपला नेहमीचा पिंगळा नाही, हा रान पिंगळा. डोक्यावर ठिपके नाहीत, शेपूट इकडून तिकडे झटकतो, आणि पाय बघ ना, पांढरे मोजे घातल्यासारखे! अर्धा तास थांब, तो परत त्याच झाडावर येईल. आणि मी म्हणाले, नाही, सूर्य मावळायच्या आत मला जेवायला हवं. आमच्या घरचा नियम तुला माहीतच होता. डबा खाली गावात. मी तुला हाताला धरून अक्षरशः ओढत खाली आणलं.

एसटीत बसल्यावर मी लायब्ररीचं ते जाड इंग्रजी पुस्तक काढलं. चित्र नव्हतं, चार ओळी होत्या: रान पिंगळा, शंभरावर वर्षांत कोणाला दिसलेला नाही. तू डोंगरावरून उतरतानाच वहीत घाईघाईनं नोंद केली होतीस. मी ती ओळ खोडली आणि वर लिहिलं, ठिपकेवाला पिंगळा. तू तेव्हा घरची बोली बोललीस, चिडलीस की बोलायचीस तशी: पुस्तकानं नाही पाह्यला तो पक्षी, मी पाह्यला. मागच्या बाकावरचे हसले. मीही हसले, लता. मंडळाच्या सरांनी वही पाहून माझी पाठ थोपटली, एकही शंकेची नोंद नाही म्हणाले, आणि भरतपूरच्या पक्षी-शिबिराला मला पाठवलं. तू त्यानंतर मंडळात आली नाहीस. उन्हाळ्यात तुझं लग्न झालं, मी हळदीला नाचले, आणि आपण मैत्रिणी राहिलो. पुढच्याच वर्षी शहाद्याच्या बाजूला तो पक्षी पुन्हा सापडल्याची बातमी आली. मी ती वाचली होती. दोनदा वाचली. रावेरला तुझ्या सासरी फोन लावावा म्हणून उठले, आणि मग स्वयंपाकाला लागले.

आता रविवारचं सांगते. समाधानसरांना म्हटलं, पुस्तक मी पोरांना दाखवून ठरवणार. तिन्ही घेऊन निघालो, निर्मलकुमार गाडी चालवायला. शाळेच्या ओट्यावर तिन्ही मांडली. पोरी-पोरांनी फोटोंचं पुस्तक पाच मिनिटं पाहिलं, वा वा केलं आणि ठेवून दिलं. चित्रांच्या पुस्तकाला मात्र सगळे चिकटले. एकीनं आपल्या वाडीतला खंड्या काढला, दुसरी म्हणाली, तो नाही, तो मोठा, आपला हा बारका. भांडण लागलं. समाधानसर हळूच म्हणाले, वहिनी, भांडायला लागली म्हणजे हेच द्या. तेवढ्यात शाळेला लाकडं आणून देणारे झिपरूआबा मागून वाकले. पोरांनी पानं उलटता उलटता नेमकं मी टाळलेलं पान उघडलं होतं. दोन पिंगळे, शेजारी शेजारी. आबांनी जाड बोट ठेवलं आणि म्हणाले, हाऊ आमना शे. हाऊ दिनमा बसस. दुसऱ्यावर बोट: हाऊ गावना. मी विचारलं, आबा, तुमच्या रानातला? दिवसा बसतो? पक्कं? ते माझ्याकडे असे पाहायला लागले जणू मी त्यांना त्यांच्या बैलाची ओळख विचारली. म्हणाले, देखनं शे का तुमले? चाला मंग.

गेलो. मी, आबा, सर, आणि मागे धापा टाकत निर्मलकुमार, अगं, दुकानदाराचं हृदय आहे हे, असं म्हणत. जागेचं नाव लिहीत नाही, हल्ली नाव फुटलं की कॅमेऱ्यांची रांग लागते. पण तुला जागा माहीत आहे. चार वाजता पोचलो. वाळकं झाड होतं, पक्षी नव्हता. पाच वाजले. निर्मलकुमारांनी घड्याळ पाहिलं, कारण आम्ही दोघं अजूनही सूर्यास्तानंतर जेवत नाही, आणि डबा खाली शाळेत. म्हणाले, निघायचं ना? आणि लता, मी म्हटलं, आज नाही जेवलो तर काय होईल? त्यांनी जरा विचार केला, म्हणाले, काही नाही, एक वेळ उपाशी राहू. आणि खाली बसले, पाय पसरून.

इतकं सोपं होतं ते. नियम मोडायचा नव्हताच. एक जेवण सोडायचं होतं. वीस वर्षांच्या मला ते सुचलं नाही, किंवा तुझ्यासाठी सोडावंसं वाटलं नाही. मी त्या दगडावर बसून हेच मनात घोळवत होते, आणि आबांनी माझं ढोपर दाबलं. तो आला होता. सागाच्या शेंड्यावर, उतरत्या उन्हात, आमच्याकडेच पाहत, शेपूट इकडून तिकडे झटकत. मी पुस्तक उघडलं, चित्रावरची एकेक रेघ धरून खाली आले. डोकं साधं, ठिपके जवळजवळ नाहीत. चोच जाड. छातीवर रुंद तपकिरी पट्टा. आणि पाय. मोजे, लता! पांढरेशुभ्र, कोणीतरी आत्ताच धुऊन घातल्यासारखे! मी तोंडावर हात दाबून रडले आणि हसले, निर्मलकुमारांना वाटलं मला काही चावलं. तो किती वेळ बसला माहीत आहे? अंधार पडेपर्यंत.

पुस्तक ठरलं, हे वेगळं सांगायला नको. शाळेला एक दिलं, जाड प्लॅस्टिकचं कव्हर घालून. समाधानसरांनी शाळेची पक्ष्यांची नोंदवही सुरू केली आणि पहिली ओळ लिहा म्हणून माझ्या हातात पेन दिला. मी लिहिली नाही. पहिली ओळ कोरी ठेवा म्हटलं, खाली दुसरीवर माझी रविवारची नोंद केली. घरी येऊन माळ्यावरची पेटी उतरवली. आपली वही निघाली. मी तेव्हा एकाच रेघेनं खोडलं होतं, त्यामुळे तुझं अक्षर अजून स्वच्छ वाचता येतं: रान पिंगळा, सागाचा शेंडा, दुपारी ४.३५, पाहिला लतानं. ती वही आणि तेच पुस्तक, दुसरी प्रत, या पत्रासोबत कुरिअरनं पाठवते आहे. वही तुझी आहे, ती माझ्याकडे राहायला नको होती. भरतपूरही तुझंच होतं, ते मात्र मला परत करता येत नाही. तू खरं सांगत होतीस, आणि मी तुला चार ओळींच्या भरवशावर खोटं पाडलं, आणि कळल्यावरही गप्प बसले. मला माफ कर. केलं नाहीस तरी शाळेतली ती ओळ तुझ्याच हातानं भरली पाहिजे. येत्या रविवारी आठ डिसेंबर आहे, कॅलेंडर पाहिलं तेव्हा माझा विश्वासच बसेना, त्या वेळीही रविवारच होता. सकाळच्या गाडीनं जळगावला ये, मी स्टँडवर उभी असेन, तिथून आमच्या गाडीनं डोंगराकडे जाऊ. डबा आणू नकोस. घाई करायची नाही, आपण तो परत येईपर्यंत बसणार आहोत.

त्या संध्याकाळी अर्धा तास न थांबलेली,
तुझीच
हेमू