एकोणतीस गुणांनी दुसरा

मी, इंदू नरहर मंडलीक, वय सहासष्ट, निवृत्त गणित-शिक्षिका, राहणार ब्रह्मा घाट, वाराणसी, हे मृत्युपत्र स्वखुशीने व स्वहस्ते लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. शंका असल्यास सतराचा पाढा विचारावा. वकीलसाहेब हिंदीत लिहा म्हणाले, पण मनातलं मला मराठीतच नीट मांडता येतं.

१. घरातला माझ्या नावाचा वरचा मजला आणि बँकेतली शिल्लक माझी मुलगी वैदेही हिला मिळावी.

२. कै. नरहरांचं रौप्यपदकही वैदेहीलाच. ते सोन्याचं का नाही, हे तिने माझ्याकडूनच ऐकावं.

नरहर रेल्वेत कारकून होते आणि डेकॅथलॉन खेळत. दोन दिवसांत दहा खेळ: धावणं, उड्या, फेकी. प्रत्येक कामगिरीचे गुण तक्त्यात पाहायचे आणि बेरीज करायची. १९६१ साली लखनौच्या एका स्पर्धेत ते तेवीस गुणांनी पहिले आले. पदकं वाटायच्या आधी मी सवयीने आकडे ताडून पाहिले.

"अहो, तुमची उंच उडी त्यांनी चुकीच्या ओळीत वाचलीय."

"किती गुणांचा फरक?"

"बावन्न जास्त दिलेत. तुम्ही दुसरे येता, एकोणतीस गुणांनी."

बुटाची नाडी सोडता सोडता ते थांबले. मग म्हणाले, "जा, सांग त्यांना."

"तुम्ही सांगा ना."

"बेरीज तुझी आहे."

मी गेले. टेबलावरचा अधिकारी म्हणाला, "बहनजी, यह मर्दों का खेल है." मी म्हटलं, "जोड़ तो सबका एक ही होता है, साहब." त्याने तीनदा बेरीज केली. सुवर्ण गोरखपूरच्या एका पोलीस शिपायाला मिळालं.

परतीच्या गाडीत, बनारस जवळ आल्यावर नरहर बोलले, "रोमच्या ऑलिंपिकला तो तैवानचा गडी दहातले सात खेळ मित्रापेक्षा सरस खेळला, तरी बेरजेत दुसरा आला. मी तर चारच जिंकले होते." आणि हसले. त्या हसण्याचा मला आजही अभिमान आहे.

३. माझे दीर शरदभाऊजी गेली छत्तीस वर्षं प्रत्येक लग्नकार्यात सांगतात, "वहिनींनी घरातलं सोनं परक्याला दिलं." त्यांना तो गुणांचा तक्ता द्यावा. ओळ लाल शाईने अधोरेखित आहे. बेरीज न जमल्यास वैदेहीने शिकवावी.

४. आम्ही दोघांनी लिहिलेल्या ऑलिंपिक डेकॅथलॉनच्या नऊ वह्या माझ्या शाळेच्या ग्रंथालयाला द्याव्यात. १९१२ च्या स्टॉकहोमपासून सुरुवात आहे. तिथल्या विजेत्याचं पदक, तो कधीकाळी पैसे घेऊन दुसरा खेळ खेळला म्हणून काढून घेतलं आणि सत्तर वर्षांनी, तो गेल्यावर, परत दिलं. लंडनला सतरा वर्षांचा पोर जिंकला, तेही आहे. लॉस एंजेलिसच्या विजेत्याचा एक गुण राहून गेला होता. दोन वर्षांनी अडथळ्यांच्या शर्यतीचं छायाचित्र पुन्हा तपासून तो दिला. ते वाचून नरहर ओरडले होते, "इंदू, तुझ्यासारखं कुणीतरी तिथंही आहे!" बार्सिलोनाची नोंद त्यांच्या हातची शेवटची. अटलांटाची मी केली.

५. भाला, थाळी आणि गोळाही शाळेला. बांबू वैदेहीकडे राहावा. त्यावर कपडे वाळत घालू नयेत. तो उड्या मारायचा आहे.

६. माझ्या निधनाची बातमी छापताना नुसतं 'कै. नरहर मंडलीक यांच्या पत्नी' असं लिहू नये. लखनौनंतर पुढच्याच वर्षी त्या स्पर्धेच्या लोकांनी पत्र पाठवून मला गुण मांडायला बोलावलं. तिथं मी एकटीच बाई होते. अठरा वर्षं ते काम केलं. तेव्हा 'डेकॅथलॉनच्या गुणलेखिका' असं छापावं. त्या अठरा वर्षांत माझी एकही बेरीज कुणाला बदलावी लागली नाही.

वरील सर्व मजकूर मी पुन्हा वाचून, साक्षीदारांसमोर सही केली.

इंदू नरहर मंडलीक

साक्षीदार:
१. देवयानी खरे, निवृत्त मुख्याध्यापिका, रामघाट
२. दिनानाथ ढेकणे, वेदपाठी, ब्रह्मा घाट

वाराणसी, दि. १९ जानेवारी १९९७