मोठ्या भावजींचं पान

कुंभार पिंपळगाव
दि. १२ जानेवारी २०२५

चि. प्रियदर्शनीस मीनामावशीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

इकडं सगळे खुशाल हायेत. फोन असताना पत्र कशाला म्हणशील. पण आपल्या घरात फोनवर बोलावं तर सगळ्यांचे कान टवकारलेले असतात. मनातलं कागदावरच बरं.

तू दिवाळीत मोबाईलात घालून दिलेलं नोट्सचं ॲप आता मला बराबर जमायलंय. आधी नुसतं कोरं पान बघून घाबरून गेल्ते. ना रकाना, ना रेघ. लिहावं तरी कुठून? मंग तू सांगितलं तसं आमच्या आकांक्षाच्या लग्नाचं एक पान केलं, त्याच्या पोटात हळद, जेवण, मांडव, अन् एकेका माणसाचंबी पान. पोरी, एका पानाच्या पोटात किती पानं मावतात गं? बेबीनंदावन्संना एकदाच लिहिलं, पण त्या हळदीच्या पानावरबी दिसतात अन् जेवणाच्याबी. एकीकडं "येणार" केलं की दुसरीकडं आपोआप होतं. मी भाकरी थापायची सोडून ते बघत बसते. तुझे काका म्हणतात, बाईला येड लागलं.

आता खरं ते लिहिते. आमच्या थोरल्या सुमितच्या लग्नात पत्रिकेवर तुझ्या काकांच्या सख्ख्या मोठ्या भावाचंच नाव छापायचं राह्यलं. छापणाऱ्यानं गाळलं का आम्ही द्यायचं विसरलो, आजवर कळालं न्हाई. तवापासून रामकिसनभावजी केदारखेड्याहून ह्या घरात आले न्हाईत, अन् तुझे काका तिकडं गेले न्हाईत. दोघंबी एकाच हट्टाचे. भावजी तिकडं मास्तर होते, सुट्टीत यायचे तर आकांक्षाला बाराखडी त्यांनीच शिकवली. ती म्हणते, मोठे बापू न्हाई आले तर मी मांडवात कुणाकडं बघू.

त्यांचं पान तर केलं. धपाटे आवडतात, डीजेचा तरास होतो, गुडघ्यामुळं खालची खोली, समदं लिहिलं. पण ते पान ठिवायचं कुठं? माणसं ठिवायला माझ्याकडं दोनच खाती, 'घरचे' अन् 'पाहुणे'. 'घरचे'मदी घालायला हात धजला न्हाई. शेवटी पाहुण्यांत ठिवलं. तुला पाठवून देते, बघून सांग.

तुझी माया आटू देऊ नको.

मीनामावशी


पुणे
दि. २१ जानेवारी २०२५

ती. मीनामावशीस प्रियदर्शनीचा सा. न. वि. वि.

मावशी, मला पाठवायचं ते तू 'भाऊकी' ग्रुपवर टाकलंस, आणि तेही कुणीही येऊन लिहू शकेल असं करून. परवा फोनवर तुला काही सुचत नव्हतं, मागून आत्यांचा आवाज येत होता, म्हणून सावकाश लिहिते. पानाला कुलूप कसं लावायचं ते मागच्या बाजूला चित्र काढून दाखवलंय. पण लावण्याआधी जरा बघ तरी. बेबीनंदा आत्यांच्या पानावर तू "तापट" लिहिलं होतंस, त्यांनी ते पुसून "स्पष्टवक्ती" केलं. कारभारीमामांनी स्वतःच्या पानावर "गोड कमी"चं "गोड चालेल" केलं, तर थोड्या वेळात मामींनी येऊन परत "कमी" केलं. रागावलेलं कुणीच नाही.

आमच्या ऑफिसात सगळे हेच वापरतात. मी रोज वापरते. पण आपलं घर असं अख्खं मांडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आपण इतके आहोत, आणि कुणाचं काय दुखतं, कुणाला काय लागतं, हे सगळं एका बाईच्या डोक्यात आहे, हे मी बघतच बसले. जेवायला उठले नाही.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. मोठ्या बापूंनी ग्रुप केव्हाच सोडला, पण त्यांच्या घरच्या सोनूबाई मोठ्या आई अजून त्यात आहेत, आणि त्यांनी ते उघडल्याचं मला दिसलं. म्हणजे बापूंनी आपलं नाव पाहुण्यांत वाचलं असणार. मलाही धास्ती वाटते. तरी तू त्यांचं पान हलवू नकोस. आता हलवलंस तर लपवल्यासारखं होईल.

काकांना नमस्कार, आकांक्षाला चिमटा. माझ्यावरचा लोभ आणि दरसालच्या शेवया, दोन्हींत काटकसर नको.

तुझी,
पियू


कुंभार पिंपळगाव
दि. ९ फेब्रुवारी २०२५

चि. प्रियदर्शनीस मावशीचे भरल्या डोळ्यांनी आशीर्वाद. वि. वि.

अक्षर वाकडं आलंय, सांभाळून घे. परवा दिवेलागणीला पाहुण्यांचं खातं उघडलं, तर भावजींचं पान न्हाई. वरखाली बघितलं, बिलकुल न्हाई. मला वाटलं, वाचलं अन् पुसून टाकलं स्वतःला. कुलूप लावायचं मी मुद्दाम राहू दिल्तं, आता कुणाला दोष द्यावा? ओसरीवर बसून रडले. आकांक्षानं माझ्या हातातून फोन घेतला, शोधलं, अन् माझ्यापुढं धरला. पान 'घरचे'मदी होतं, तुझ्या काकांच्या 'अंगद' ह्या नावाच्या वर. केदारखेड्याला बसून त्या माणसानं स्वतःला पाहुण्यांतून उचललं अन् घरात आणून ठिवलं, पोरी.

अन् आम्ही बघून राह्यलो तवाच पानावर अक्षरं उमटाय लागली. इकडं कुणी बोट लावलेलं न्हाई. वर नाव सोनूबाईंचं, पण लिहिणं मास्तरांचं. एकेक अक्षर, सावकाश, फळ्यावर लिहावं तसं. "मांडवाचं काम माझ्याकडे." माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. इतकं आयुष्य गेलं, असं कधी बघितलं न्हवतं. माणूस दोन तालुके पल्याड अन् त्याचं लिहिणं आपल्या ओसरीवर उमटतंय. आकांक्षानं तर हातच जोडले.

तुझे काका दारात उभे राहून बघत होते. आजवर त्यांनी ह्या ॲपला नावं ठिवण्यापलीकडं काही केलं न्हाई. जवळ आले, फोन मागितला अन् विचारलं, कुठं लिहायचं. मी जागा दावली. त्यांनी एका बोटानं "दादा" एवढं लिहिलं. बोट तसंच अधांतरी, अन् डोळ्यांतून पाणी. मी म्हणलं, जल्दी फोन लावा. त्यांनी मान हलवली, आवाज फुटायचा न्हाई म्हणले.

आम्ही तिघं त्या एका शब्दाकडं बघत बसलो. मंग त्याच्या खाली आपसूक अक्षरं आली: "बोल, अंगद."

मायेला अंतर देऊ नको.

तुझी,
मीनामावशी