खोक्याच्या मागचं नाव

बाबा, तुमच्या कंपनीबद्दल मी तुमच्याशी कधीच नीट बोलले नाही. तुम्ही होतात तोवर धीर झाला नाही, आणि आता तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झालीत की माझेच केस दर महिन्याला मेंदी मागतात. आईला वाटायचं, तुम्ही फार अबोल आणि मी तुमच्यावर गेलेय. पण तुमच्या-माझ्यात एक गोष्ट होती म्हणून आपण गप्प असायचो, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. मी सातवीत असताना कंपनीने कामगारांच्या मुलांना बक्षिसं द्यायला बोलावलं होतं. डोंबिवलीहून आपण सकाळीच निघालो. ठाण्याला उतरून बस धरली. घोडबंदर रोडला तेव्हा दोन्ही बाजूंना गवत आणि मधूनच एखादी फॅक्टरी, बाकी काही नव्हतं. कॅन्टीनमध्ये टाळ्या वाजल्या, मला कंपासपेटी मिळाली आणि तुम्ही कुठेच दिसेनात. वॉचमन म्हणाला, "मागच्या शेडमध्ये बघ." मी पेटी छातीशी धरून मागे गेले.

त्या शेडमध्ये भिंतीला लागून लाकडी खोक्यांची रांग होती आणि प्रत्येक खोक्यातून सशाचं नुसतं डोकं बाहेर आलेलं होतं. पहिल्यांदा मला ते गोड वाटलं, हे खरं सांगते. मग जवळ गेल्यावर त्यांचे डोळे दिसले. एक डोळा नेहमीसारखा, दुसरा सुजून लाल झालेला, पाणी गळणारा. तुम्ही पांढरा कोट घालून एका सशाच्या डोळ्याखाली ओल्या कापसाने टिपत होतात. मला बघून दचकलात. "इथे यायचं नसतं," म्हणालात. मी विचारलं, "काय झालंय त्यांना?" तुम्ही म्हणालात, "शाम्पू." "मग धुवून टाका ना." "धुवायचं नाही, असं लिहिलंय." बाबा, तुमचे हात कोपरापर्यंत ओरखडलेले असायचे आणि आई त्यांना हळद लावायची. ते ओरखडे कशाचे, हे मला त्या दिवशी कळलं. डॉक्टर लोक तपासणीसाठी शाम्पूचे थेंब डोळ्यात घालायचे तेव्हा ससे धरून ठेवायचं काम तुमचं होतं. बसस्टॉपवर तुम्ही मला उसाचा रस पाजलात आणि म्हणालात, "आईला सांगू नकोस. तिला भात जायचा नाही." मी नाही सांगितलं.

बारावीनंतर मी नौपाड्यातल्या एका बाईंकडे पार्लरचं काम शिकायला जायला लागले. थ्रेडिंग, फेशियल, मॅनिक्युअर. एका संध्याकाळी बाईंनी माझ्याच नखांवर गडद लाल नेलपॉलिश लावून दाखवलं आणि मी तशीच घरी आले. तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून पावटे सोलत होतात. माझ्या हाताकडे बघितलंत. "कुठलं गं हे?" मी बाटली काढून दाखवली, त्यावर तुमच्या कंपनीचं नाव होतं. तुम्ही पावटे बाजूला सारलेत, माझ्या पिशवीतलं रिमूव्हर मागून घेतलंत आणि माझा हात गुडघ्यावर ठेवून एकेक नख पुसायला लागलात. रागाने नाही, अगदी सावकाश, नखाच्या कडेला उरलेलं सुद्धा. दहाही बोटं झाल्यावर म्हणालात, "या कंपनीचं घरात आणू नकोस. मी तिथे करतो तेवढं पुरे." आणि मी, अठरा वर्षांची, काय बोलले! "मग आपण जेवतो ते कुठल्या कंपनीचं?" आई फोडणी करता करता वळली. तुम्ही पावटे सोलून संपवलेत, हात धुतलेत आणि "आज भूक नाही" म्हणून बाहेर जाऊन बसलात. मी तुमची माफी मागितली नाही. उद्या मागू म्हणत राहिले आणि मग तो उद्या कुठे गेला कळलंच नाही.

तुम्ही मात्र मनात धरलं नाहीत. उलट दोन-तीन रविवार कुठे कुठे फिरून माझ्यासाठी एक नेलपॉलिश शोधून काढलंत. आपल्याच एमआयडीसीत एक नवरा-बायको छोटा कारखाना चालवत होते. कल्याणच्या, टिटवाळ्याच्या बायका बाटल्या भरायला यायच्या. तुम्ही तिथे जाऊन प्रत्येक खोली उघडून बघितलीत म्हणे. त्या मालकीणबाई नंतर हसून सांगायच्या, "तुझ्या वडिलांनी आमचा संडास पण उघडून पाहिला." घरी येऊन तुम्ही म्हणालात, "एकसुद्धा पिंजरा नाही. नवीन रंग आला की बायको आधी स्वतःच्या हाताला लावून बघते." प्राण्यांवर माल न तपासणाऱ्या कंपन्यांची प्राणिमित्रांच्या एका संस्थेने छापलेली यादी असायची, तीत त्यांचं नाव होतं, तेही तुम्ही मला बोट ठेवून दाखवलंत. मी पार्लरसाठी मानपाडा रोडला गाळा घेतला, त्या दिवशी पहिला डझन तुम्ही स्वतः घेऊन आलात. पुढे रिटायर झालात आणि रोज चार वाजता थर्मासमधून चहा घेऊन यायला लागलात. गिऱ्हाइकं तुम्हाला आजोबा म्हणायची. मी प्रत्येकीला सांगायचे, "हे माझ्या वडिलांनी स्वतः जाऊन तपासलंय." तुम्ही लाजून बाटल्या रंगांप्रमाणे लावत बसायचात.

आणि मग एके दिवशी नवीन माल आला. खोकं तेच, अक्षरं तीच, फक्त मागच्या बाजूला बारीक टायपात एक ओळ वाढली होती. कुणाच्या मालकीचं, ते. बाबा, तिथे तुमच्या कंपनीचं नाव होतं. मी सेल्समनला विचारलं तर तो खूश होऊन म्हणाला, "मॅडम, मोठ्या ग्रुपने घेतलं ना आपल्याला! आता टीव्हीवर अ‍ॅड येणार." दुसऱ्या दिवशी दुकान उशिरा उघडलं आणि कारखान्यात गेले. मालकीणबाईंनी मला सगळं फिरवून दाखवलं. "हात तेच, बायका त्याच, कृती तीच. पिंजरा तेव्हा नव्हता, आजही नाही. नसतं विकलं तर हे बंदच करावं लागलं असतं गं. या बायकांनी कुठे जायचं?" मी म्हटलं, "पण नफा तिकडे जाणार ना? त्या शेडला?" त्या "तुझ्या बाबांना काय सांगशील?" म्हणाल्या. मी म्हटलं, "बघते."

मी काहीच सांगितलं नाही. माल आला की सकाळीच खोकी फाडून बाहेर टाकायचे आणि नुसत्या बाटल्या मांडायचे, कारण बाटलीवर ती ओळ नव्हती. तुम्ही यायचात, बसायचात, बाटल्या लावायचात. एकदा म्हणालात, "खोकी कुठे जातात गं हल्ली?" "रद्दीत." "सगळीच?" "सगळीच." तुम्ही एक बाटली उचललीत, चष्म्यापासून लांब धरून वळवून बघितलीत आणि "बरं" म्हणून ठेवलीत. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही आत बसला नाहीत. दाराबाहेरच्या बाकावर बसायचात. आत उकडतं म्हणायचात, पण पंखा तर आत होता. चहा मात्र रोज आणलात, शेवटचं दुखणं येईपर्यंत. तुम्हाला कळलं होतं का? कळलं असेल तर एकदा ओरडायचं होतंत. मी वाट बघत होते, असं आता वाटतं.

तुम्ही गेल्यावर मी ते नेलपॉलिश बंद केलं होतं, हेही सांगून टाकते. दुसऱ्या एका कंपनीचं घेतलं. त्यांच्या माणसाला विचारलं, तुमच्याकडे प्राण्यांवर तपासतात का, तर हसून म्हणाला, "ससा कशाला मॅडम, बायकाच लावतात की." त्याच्या हसण्यावर विश्वास बसेना, आणि खोल्या उघडून बघायला तुम्ही नव्हतात. चार महिन्यांनी परत जुन्याकडे आले. त्या बाटल्या भरणाऱ्या बायकांसाठी आले असं मनाला सांगितलं. त्यात थोडं खरं आहे. थोडं हेही खरं आहे की रंग चांगले होते आणि गिऱ्हाइकं तेच मागत होती. तुम्ही एकदा म्हणाला होतात, "मी नसतो तर दुसरा कुणी असता, पण त्याने डोळे पुसले नसते." तुम्ही तिथे वीस वर्षं काढलीत ती आमच्यासाठी, आणि त्या वीस वर्षांवर मी एका वाक्यात थुंकले. आता मी कुणाचे डोळे पुसते, ते मला सांगता येत नाही.

परवा कॉलेजची एक मुलगी आली होती. सवयीने मी म्हटलं, माझ्या वडिलांनी तपासलंय. ती चौकस निघाली. "आंटी, त्यांना कसं माहीत, काय तपासायचं ते?" मी तिचा हात हातात धरला होता. खरं उत्तर जिभेवर आलं होतं. मी म्हटलं, "त्यांना प्राण्यांची फार आवड होती." "किती छान," ती म्हणाली.

खोटं नव्हतं ते, बाबा. पण हा कागद मी घरात कुणाला दाखवू शकणार नाही. लग्न ठरताना ह्यांनी विचारलं होतं, वडील कंपनीत काय करतात. मी म्हटलं होतं, स्टोअरमध्ये असतात. ते आजपर्यंत तसंच आहे.