पाण्याचा तास

विद्यानगर, हैदराबाद
दि. २१ मे, बुधवार

तीर्थरूप तारामतीवन्सं यांच्या चरणी धाकट्या भावजयीचा, म्हणजे सुलभाचा, वाकून नमस्कार.

परभणीला ऊन चव्वेचाळीसवर गेल्याचं वाचलं. तुमच्या घरात ते शिरलं नसेल याची मला खात्री आहे, कारण तुमच्या परवानगीशिवाय तिथं काही शिरलेलं मी अजून पाहिलेलं नाही. गुडघे काय म्हणतात? तेल लावता ना? तुमचे बंधू ठणठणीत आहेत. दुपारी दोन तास घोरतात आणि उठल्यावर पडलो होतो फक्त म्हणतात. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर माझी वाक्यं तुम्ही पुरी करता. ती माझ्यापेक्षा चांगली होतात, हे मी मान्य करते, पण मला जे म्हणायचं असतं ते त्यात राहून जातं. पत्रात तुम्हाला मध्ये बोलता येणार नाही, तेव्हा सावकाश वाचा.

तर मी शाळा काढली आहे. (चष्मा पुसून पुन्हा वाचलंत तरी तेच लिहिलेलं दिसेल.) एकतीस वर्षं मी पोरांकडून नद्या उगमापासून मुखापर्यंत घोकून घेतल्या. त्यांतल्या एकानंही घरच्या नळाला पाणी कुठून येतं हे विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. इथं दिलसुखनगरला जावं तर क्लासांच्या बोर्डांवर पोरांचे फोटो रँकांसकट टांगलेले. उद्या ऊन पन्नासवर गेलं, पाणी आटलं आणि निम्मी कामं यंत्रं करू लागली, तर ही पोरं ती रँक कुठं घेऊन जाणार, हा प्रश्न मला एप्रिलमध्ये पडला आणि मेमध्ये मी आमच्या अपार्टमेंटच्या गच्चीवर सतरंज्या टाकल्या. नाव ठेवलं भविष्यशाळा. वेळ आठ ते दहा, कारण त्यानंतर तिथं फक्त पापड टिकतात. विद्यार्थी अकरा. फी नाही, परीक्षा नाही, छडी नाही. (तुमचा चेहरा मला इथून दिसतो आहे.)

सगळ्यांत मोठी शर्वरी, पंधरा वर्षांची. तिचे वडील प्रमोद म्हणजे आमच्या अपार्टमेंटचे सेक्रेटरी, मूळचे पुण्याचे, कॉम्प्युटरवाले. जूनपासून पोरीला दोन वर्षं क्लासात कोंडायचं त्यांनी ठरवलेलं आहे, आणि तोवरचा तिचा प्रत्येक तास माझ्या गच्चीवर फुकट जातो असं त्यांचं मत आहे. मुलगी मराठी वाचते ती खडीसाखर फोडल्यासारखी, एकेक अक्षर. बोलते मात्र फर्डं, त्यात तेलुगू, उर्दू सगळं येतं. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली, कारण माझ्या प्रत्येक वाक्यावर ती 'कशावरून?' विचारते. आमच्या वेळी असं विचारणारीला मी वर्गाबाहेर उभं केलं होतं, हेही कबूल करते.

गेल्या बुधवारी मी पाण्याचा तास ठेवला. वॉचमन लग्नासाठी गावी गेलेला, त्यामुळे गच्चीची किल्ली आणि टाकीचा वॉल्व्ह दोन्ही माझ्या ताब्यात. नुसतं तोंडानं शिकवण्यात अर्थ नाही हे तुम्हीच म्हणता (तुम्ही छडीबद्दल म्हणत होता, पण तत्त्व तेच). म्हणून आठ वाजता मी वॉल्व्ह बंद केला, आणि जगापुढच्या पाणीटंचाईवर बोलायला लागले. छान बोलले, वन्सं. नऊच्या सुमारास खालून आरडाओरडा सुरू झाला. पंधराही घरांतले नळ कोरडे. मी मुलांना म्हटलं, चला, आता काय कराल ते करा.

आणि मुलांनी केलं! जिन्याच्या भिंतीवर खडूनं पंधरा घरं मांडली. कोणाकडे किती हंडे, किती बादल्या भरलेल्या आहेत ते दारोदार विचारून आले. पिण्याच्या पाण्याच्या फिल्टरमधून वाया जाणारं पाणी गोळा केलं, एसीच्या नळ्यांखाली तपेली लावली. (एसी इतकं पाणी गाळतो हे मला बासष्टाव्या वर्षी कळलं.) मग कोणाला आधी द्यायचं यावर भांडले, पण पाचच मिनिटं. पहिल्या मजल्यावरच्या आजारी आजोबांना पहिलं, बाळंतिणीला दुसरं, ज्यांचा कुकर अडला होता त्यांना तिसरं. यादी शर्वरीच्या हातात होती. तोवर मोठी माणसं काय करत होती म्हणाल, तर अपार्टमेंटच्या ग्रुपवर मेसेज टाकत होती. चूक कोणाची या विषयावर शहाऐंशी मेसेज झाले. तुमच्या बंधूंनी त्यात हात जोडलेलं एक चित्र पाठवलं.

आता मधली गंमत. प्रमोदरावांनी त्या दिवशी सुट्टी टाकून केसांना काळा रंग लावला होता. वीस मिनिटांत धुवा असं पाकिटावर लिहिलेलं, आणि नळ कोरडा. टॉवेल गुंडाळून ते जिन्यात आले आणि लेकीकडे बादली मागू लागले. तिनं यादी बघितली आणि त्यांचा नंबर चौथा असल्याचं सांगितलं. वन्सं, सख्ख्या बापाला! पाऊण तासानं त्यांना एसीचं पाणी मिळालं. केस झकास झाले, पण दोन्ही कानांच्या पाळ्या आणि निम्मं कपाळ अजून काळं आहे. दहाच्या पुढं कधीतरी मी वॉल्व्ह सोडला, हा पाण्याचा धडा होता असं सगळ्यांना सांगितलं आणि तास संपला.

प्रमोदरावांनी रविवारी मीटिंग बोलावली. विषय एकच, गच्चीची किल्ली माझ्याकडून काढून घेणे, म्हणजे शाळा बंद. नोकरीतून निवृत्त होताना मला इतकं वाईट वाटलं नव्हतं. प्रमोदराव काळ्या कानांनी बराच वेळ बोलले. असल्या खेळांनी कुठं सीट मिळत नाही, लोकांना वेठीस धरणं हे शिक्षण नव्हे, वगैरे. (मुद्दे वाईट नव्हते. मनात मी त्यांना दहापैकी सात दिले.) मी उत्तर द्यायला उठले. तेवढ्यात शर्वरी उभी राहिली.

"पप्पा, त्या दिवशी ग्रुपवर तुम्ही एकट्यानं चोवीस मेसेज टाकले," ती म्हणाली. "आम्ही अकरा जणांनी एक भी नाही टाकला. टाइमच नव्हता आम्हाला."

मग पहिल्या मजल्यावरचे आजारी आजोबा, ज्यांना खुर्चीवर बसवून आणलं होतं, त्यांनी शाळेच्या बाजूनं हात वर केला, आणि त्यांच्यामागून एकेक करत दहा हात वर आले. प्रमोदरावांनी हात वर केला नाही, पण लेकीकडे बघत होते ते रागानं नव्हे. शाळा राहिली. वन्सं, मी आयुष्यात बक्षिसं घेतली, सत्कार करून घेतले, पण त्या पोरीकडे बघताना ऊर भरून आला तसा कधी आला नव्हता. दोन्ही हात जोडून तुम्हाला सांगते, मला स्वतःचा फार अभिमान वाटतो आहे.

पत्र लांबलं. गुडघ्यांना जपा, आणि मला आशीर्वाद असू द्या.

तुमची,
सुलभा

ता. क. वॉल्व्हचं वर लिहिलंय ते तितकंसं खरं नाही. गच्चीवरचा नळ गळून सतरंजी भिजत होती, म्हणून मी दोन मिनिटांसाठी वॉल्व्ह बंद केला आणि विसरले. जगाच्या पाणीटंचाईवर तासभर बोलले ते ती मीच आणली आहे हे न कळता. खाली आरडाओरडा झाला तेव्हा मला खरंच वाटलं, बोअर आटली.

ता. क. २. वॉल्व्ह मी सोडला नाही, शर्वरीनं सोडला. टाकी बघायला वर गेली तर ती काठोकाठ भरलेली. खाली येऊन माझ्या कानात म्हणाली, "आजी, टेन्शन नक्को घेऊ, पाणी सोडलं मी." आजी वॉल्व्ह विसरली, ही ग्रुपवर टाकण्याजोगी एवढी मोठी बातमी हातात असून पोरीनं ती कोणाला सांगितली नाही, मीटिंगमध्येसुद्धा. सोमवारी मी वर्गाला खरं ते सांगून टाकलं. वाटलं, मुलं गप्प होतील. त्यांनी ऐकलं आणि आज कुठला तास आहे म्हणून विचारलं. मगाशी अभिमान स्वतःचा म्हटलं तो खोडा, आणि पोरांचा असं लिहा.

ता. क. ३. या रविवारी कमिटीलाही खरं सांगायचं ठरवलं आहे. मग ते किल्ली काढून घेतील, किंवा गच्चीवर दुसरी जबाबदार व्यक्ती ठेवा म्हणतील. म्हणून हे सगळं लिहिलं. शनिवारच्या गाडीनं या आणि इथंच राहा. छडी आणलीत तरी चालेल, वापरायची नाही. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, त्यांतली माझी एकही चूक तुम्ही विसरलेल्या नाहीत. वन्सं, मला आता तुमच्याशिवाय जमायचं नाही.