लूपरमधला चौथा आवाज

४ जून
आले बाई एकदाची! नोकरी गायिकेच्या घरी: खाली स्टुडिओ, वर माझी खोली. बाई स्वतः दारात घ्यायला आल्या. काम एकाच यंत्राचं, लूपरचं. बाई एक ओळ गातात, पायाने बटण दाबतात, ती ओळ गोल गोल वाजत राहते. तिच्यावर दुसरी, मग तिसरी. एकाच गळ्यातून अख्खा गायकवृंद! पण मध्येच घरघर येते. आधीचा मेकॅनिक काम अर्धवट टाकून गेला म्हणे. संध्याकाळी धाकट्या बहिणीला फोन केला. म्हणाली, ताई, तू गेल्यापासून घर कसं गप्प गप्प आहे. माझी टकळी बंद असते कधी?

५ जून
अॅडॉप्टर बदलला, केबली बदलल्या, अर्थिंग तपासलं. घरघर थांबली. मग बाईंनी तीन ओळी एकावर एक चढवल्या. ऐकताना मी आवाज मोजले तर चार. चौथा बारीक, पुरुषाचा. जुनं काहीतरी उरलं असेल म्हणून सगळी मेमरी पुसली. टेस्टिंगला बाईंनी मलाच माईकपुढे बोलायला सांगितलं. मी धाकटीचे किस्से सुरू केले ते तासभर. बाई डोळे मिटून ऐकत होत्या.

६ जून
घसा पार बसलाय. पुसूनही तो पुरुष आहेच. हेडफोन कानांवर दाबून ऐकलं. तो गात नाही. माईकपुढे बोलू नकोस, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणतोय. बाईंना सांगितलं, तर त्या हसल्या. मागचा मेकॅनिक माणूस चांगला, पण आवाज किरकोळ, म्हणाल्या. चार दिवससुद्धा पुरला नाही. चेष्टा समजून मीही हसले. हसण्याचा आवाज आला नाही.

७ जून
फोनवर धाकटीने दोनदा विचारलं, ताई, बोलत का नाहीस? घसा बसलाय का? मग ठेवून दिला. माझ्या तोंडून नुसती हवा.
खाली मात्र मी बोलतेय. किस्से सांगतेय, खिदळतेय. धावत गेले, लूपरचा प्लग उपटला. प्लग माझ्या हातात, आणि आवाज चालूच.
पळायला गेले. दाराला कुलूप. वर आले, तर फोन जागेवर नाही.

८ जून
बाईंनी गरम पाणी आणलं. पाठीवरून हात फिरवला. म्हणाल्या, सख्ख्या बहिणींचे आवाज एकमेकींत काय सुरेख मिसळतात! माझा फोन त्यांच्याच हातात होता. बाहेरून कडी.
दुपारी खालून माझा आवाज. किश्श्यांतले शब्द कापून, एकाला एक जोडून — धाकटीशी बोलतोय. घसा बरा झाला गं. इथे मजा आहे. उद्याच ये.
ती हो म्हणाली असणार. बाई टाळ्या वाजवत होत्या.

९ जून
फाटकाशी गाडी. धाकटीच. नवा ड्रेस घातलाय.
खिडकी उघडत नाही. काचही फुटत नाही — खुर्ची मोडली.
'पळ' लिहून पान काचेला धरलं. उन्हाने काच चमकतेय, तिला वाचता येत नाही —
दोन्ही हात आपटतेय. ओरडतेय. नुसती हवा —
खालून माझाच आवाज, आलीस? ये ना, ये —
तिने वर पाहिलं. मी दिसले तिला. तिला वाटलं, मी हात हलवून बोलावतेय. तीही हात हलवतेय, हसतेय, धावतच —